आत्मचित्रातले हात का कापले?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डच चित्रकार रेम्ब्रांटच्या एका आत्मचित्रावर आलेला लेख मी दोनदा वाचला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रासाठी वर्तमानपत्राने अर्धे पान द्यावे ही हल्ली दुर्मीळ गोष्ट आहे; तेव्हा आधी आभार आणि मग तक्रार. लेखासोबत छापलेले चित्र छातीपाशी कापलेले होते. पांढरी टोपी, कपाळ, डोळे, नाक, हनुवटी आणि अंगरख्याची फरची कड, एवढेच वाचकांच्या वाट्याला आले. जागेची अडचण मी समजू शकतो आणि एरवी एवढ्यासाठी पत्र लिहिलेही नसते. पण लेखातले विवेचनही नेमके त्याच रेषेवर कापले गेले आहे, म्हणून हा प्रपंच.

लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे, की लंडनच्या केनवुड हाउसमधले हे चित्र म्हणजे दिवाळे निघालेल्या, एकाकी, पुत्रशोकाने खचलेल्या एका वृद्धाचा कबुलीजबाब आहे. त्याच्या डोळ्यांत पाहावे आणि त्याचे आयुष्य वाचून घ्यावे. शैली ओघवती आहे, आणि रेम्ब्रांटच्या आयुष्याचे जे तपशील त्यांनी दिले आहेत ते बरोबरही आहेत. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले, १६६३ मध्ये त्याची जोडीदारीण हेंड्रिक्ये गेली, १६६८ मध्ये मुलगा टायटस गेला आणि पुढच्याच वर्षी, १६६९ मध्ये, तो स्वतः गेला. अडचण एवढीच, की या कॅनव्हासवर ना सही आहे ना तारीख. जाणकार ते साधारण १६६५ ते १६६९ यांच्या दरम्यानचे मानतात आणि बहुतेकांचा कल १६६५ च्या आसपास आहे. त्या वर्षी टायटस हयात होता. मग त्या डोळ्यांतला पुत्रशोक आला कुठून? तो आला आपल्याकडून. आपल्याला चित्रकाराचे चरित्र आधी ठाऊक असते, मग आपण चेहऱ्याकडे पाहतो आणि ठाऊक असलेलेच तिथे सापडल्याचा आनंद मानतो. चेहरा ही जागाच अशी आहे, की तिथे शोधू ते मिळते.

आता कापलेल्या भागाकडे वळतो. मूळ चित्र सुमारे ११४ सेंटिमीटर उंच आणि ९४ सेंटिमीटर रुंद आहे. चित्रकार जवळजवळ मांड्यांपर्यंत दिसतो. मागच्या फिकट भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांचे तुकडे आहेत, ज्यांचा अर्थ लावता लावता अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. (कुणी त्यांत पृथ्वीचा नकाशा पाहतो, कुणी हातानेच अचूक वर्तुळ काढण्याच्या जुन्या कसबाची आठवण. माझा स्वतःचा कुठल्याच अर्थावर विश्वास बसलेला नाही.) खाली पॅलेट आहे, कुंचल्यांचा जुडगा आहे, रंगवताना मनगट टेकवायची काठी आहे, आणि हे सारे धरणारा हात मात्र जवळजवळ नाहीच. चार-सहा रुंद फटकाऱ्यांत तो उरकला आहे. बोटे मोजायला गेलात तर मोजता येत नाहीत. कपाळाच्या सुरकुत्यांवर आणि नाकाच्या शेंड्यावरच्या उजेडावर ज्याने एवढा रंग चढवला, त्याने हात मात्र असा सोडून दिला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट क्ष-किरण तपासणीत दिसली. रेम्ब्रांटने आधी आरशात दिसले तसेच काढले होते: डावा हात कुंचला घेऊन कॅनव्हासकडे उचललेला आणि पॅलेट दुसऱ्या हातात. उजव्या हाताने काम करणारा माणूस आरशात डावखुरा दिसतो, हे आपण सगळेच जाणतो. पुढे केव्हातरी त्याने ते पुसले, बाजू बदलल्या, उचललेला हात खाली आणला आणि सगळी साधने एका हातात दिली. म्हणजे या चित्रात एक निर्णय आहे. ‘मी आरशात असा दिसतो’ हे खोडून ‘लोक मला असे पाहतात’ हे त्याने लिहिले. आणि त्याच वेळी, काम करणारा माणूस पुसून कामाची साधने घेऊन थांबलेला माणूस उभा केला. चित्रकाराबद्दल काही कळून घ्यायचे असेल तर ते इथे आहे. छापील चित्रात नेमके हेच नव्हते.

हात एवढा का महत्त्वाचा, हे मला पुस्तकांतून कळले नाही. मी बरीच वर्षे चित्रकला शिकवली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दरवर्षी एकदा आरसा समोर ठेवून स्वतःचे चित्र काढायला लावत असे. पहिला धडा काचेवरच असे: एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा साबणाच्या वडीने काचेवरच काढा. ती रेषा मोजली की खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते. मुले मागे सरकत, पुढे येत, पुन्हा काढत, तरी निम्मीच. रोज पाहतो तो आपला चेहरा काचेवर एवढासाच असतो, हे कुणालाच आधी खरे वाटत नसे. मग कागद. मान वर करून आरशात पाहायचे, मान खाली घालून कागदावर काढायचे. पुन्हा मान वर केली की डोके आधीच्या जागी नसते. चाळीस मिनिटांनी चित्रे भिंतीवर लागली की वर्गभर रागावलेली मुले दिसत. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट, नजर रोखलेली. एका मुलीच्या आईने प्रदर्शनात मला विचारले होते, ‘‘ही घरी दिवसभर खिदळत असते, हिला इथे एवढा राग कुणाचा आला?’’ राग कुणाचाच आला नव्हता. बारकाईने पाहणाऱ्या कुणाचाही चेहरा असाच होतो, आणि हसू चाळीस मिनिटे टिकत नाही. थोरामोठ्यांच्या आत्मचित्रांत आपण ज्याला ‘अंतर्मुख करुण दृष्टी’ म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग आरशाकडे टक लावून पाहण्याच्या श्रमाचा असतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पण मुले खरी अडत ती हातापाशी. दुसरा हात जमायचा. पेन्सिल धरलेला हात जमायचा नाही, कारण तो काढायला घेतला की तो आरशातून निघून कागदावर येतो. जो हात चित्र काढतो तोच चित्रात काढायचा, ही आत्मचित्रातली एकमेव खरी अडचण आहे. बाकी सारे व्यक्तिचित्रच. त्यामुळे प्रत्येक चित्रकाराला इथे काहीतरी ठरवावे लागते: हात लपवायचा, आठवणीने काढायचा, दुसऱ्या कुणाचा बसवायचा, की अर्धाच सोडायचा. चेहरा मात्र समोर स्वस्थ बसलेला असतो आणि त्याच्यावर चित्रकाराचा पूर्ण ताबा असतो.

हा ताबा किती असू शकतो, याचे पुरावे रेम्ब्रांटनेच ठेवले आहेत. १६३० साली, चोविशीच्या आतबाहेर असताना, त्याने जेमतेम पाच-सात सेंटिमीटर उंचीची काही एचिंग्ज, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेले छाप, केली. एकात डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडे, एकात कपाळाला आठ्या, एकात दात दाखवून हसणारा चेहरा. त्या दिवसांत तो रोज घाबरत आणि चिडत होता असे कुणी म्हणणार नाही. नट आरशासमोर तालीम करतो तशी ती तालीम होती, आणि पुढे बायबलमधल्या प्रसंगांत हे चेहरे त्याच्या उपयोगी पडले. त्याच्या आधीचे, १६२८ च्या सुमाराचे, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले वीतभर चित्र पाहावे: तिथे डोळे सावलीत बुडालेले आहेत, जवळजवळ दिसतच नाहीत, उजेड आहे तो कानाच्या पाळीवर, गालाच्या कडेवर आणि मानेवर, आणि केसांच्या बटा ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने ओरखडून काढल्या आहेत. डोळ्यांत पाहून आयुष्य वाचण्याची पद्धत या चित्रापुढे काय करणार? पण बाविशीच्या पोराला उजेडाचे काय वेड होते आणि हातातल्या अवजाराची उलटी बाजू वापरायचे धाडस त्याच्यात किती होते, हे त्या ओरखड्यांत स्वच्छ दिसते.

आणि दिवाळखोरीचेच म्हणाल, तर लेखकांनी न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातले १६५८ चे चित्र का टाळले, हे कळत नाही. त्याच वर्षी रेम्ब्रांटचे घर लिलावात गेले. चेहऱ्यावरून चरित्र वाचता येत असते, तर हे सर्वांत केविलवाणे चित्र व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तो सोनेरी अंगरखा घालून, कमरेला तांबडा पट्टा बांधून, हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन सिंहासनावर बसल्यासारखा बसला आहे. घर जाणाऱ्या माणसाने स्वतःला राजा काढले. त्यामागे दुःख नव्हते असे मी म्हणत नाही. पण ते चेहऱ्यावर मांडलेले नाही, एवढे नक्की. त्या काळी नामांकित चित्रकाराच्या हातची त्याची स्वतःची छबी हा संग्राहकांना हवा असलेला माल होता. फ्लॉरेन्सला कार्डिनल लिओपोल्दो दे मेदिची तर पुढच्याच दशकात अशा छब्यांचा खास संग्रह करू लागला होता. आत्मचित्र घरच्या भिंतीवर लावून रडण्यासाठी नव्हे, बहुधा विकण्यासाठी काढले जाई, हा साधा मुद्दा लेखात कुठेच आला नाही.

व्हॅन गॉखबद्दल लेखात ओझरता उल्लेख आहे, म्हणून मीही ओझरतेच लिहितो. त्याच्या पस्तिसाहून अधिक आत्मचित्रांचे कारण म्हणून लेखक ‘अस्वस्थ आत्मशोध’ सांगतात. त्याने स्वतः भावाला लिहिलेल्या पत्रात कारण दिले आहे: मॉडेल मिळत नाही, म्हणून मुद्दाम चांगला आरसा विकत घेतला. कानाला पट्टी बांधलेल्या १८८९ च्या प्रसिद्ध चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते आणि जखम मात्र डाव्या कानाला झाली होती, इथेही आरसाच. रेम्ब्रांटने तो दुरुस्त केला, व्हॅन गॉखने केला नाही, हा फरक मला कुठल्याही नजरेपेक्षा अधिक बोलका वाटतो.

दोन चित्रकर्तींची उदाहरणे या संदर्भात द्यावीशी वाटतात, कारण त्यांनी हाताचा आणि देहाचा प्रश्न फार धीटपणे सोडवला. इटलीच्या आर्तेमिझिया जेंतिलेस्कीने १६३८-३९ च्या सुमारास स्वतःला ‘चित्रकला’ या प्रतीकरूपात काढले. चेहरा एका बाजूने, वरून पाहिल्यासारखा, थोडा सावलीत. समोर येतो तो उचललेला हात, मागे सारलेली बाही आणि कुंचला. स्वतःला अशा कोनातून एका आरशात पाहता येत नाही, निदान दोन आरसे एकमेकांना तिरपे लावावे लागतात. त्या काळच्या प्रतीकांच्या एका प्रसिद्ध संदर्भग्रंथात चित्रकलेचे वर्णन होते: विस्कटलेले केस, गळ्यात मुखवटा लटकवलेली सोन्याची साखळी आणि तोंडाला बांधलेले फडके, कारण चित्रकला ही मूक कला. जेंतिलेस्कीने केस विस्कटले, साखळी आणि मुखवटा घेतला. फडके घेतले नाही. तिच्याबद्दल या चित्रातून जे कळते ते तिच्या डोळ्यांतून कळत नाही, कारण ती आपल्याकडे पाहतच नाही, कामाकडे पाहते आहे.

जर्मन चित्रकर्ती पाउला मोडरझोन-बेकरचे १९०६ मध्ये पॅरिसला काढलेले चित्र याहून अडचणीचे आहे. कमरेपर्यंत उघडी, गळ्यात मण्यांची माळ, पोट किंचित पुढे आलेले आणि त्याला दोन्ही हातांनी आधार दिलेला. पाहणाऱ्याला वाटते, ही गरोदर आहे. ती तेव्हा गरोदर नव्हती. नवऱ्याला सोडून पॅरिसला आली होती, आणि चित्रावर तिने आपल्या लग्नाच्या वाढदिवसाचा उल्लेख करून खाली फक्त ‘पी. बी.’ अशी माहेरच्या नावाची सही केली. तिला मूल झाले ते १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्यानंतर काही दिवसांतच ती वारली. चरित्राचा शेवट ठाऊक असल्यामुळे या चित्रात मृत्यूची चाहूल वाचणारे पुष्कळ आहेत. मला त्यात ती दिसत नाही. त्या हातांत मला एका तिशीतल्या बाईने स्वतःसाठी मांडून पाहिलेली शक्यता दिसते: मूल असेल, की चित्रे असतील, की दोन्ही. जे नाही ते आत्मचित्रात काढता येते. कबुलीजबाबात ते येत नाही.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो लपवणे बरोबर होणार नाही. विल्यम उटरमोलेन या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराला १९९५ साली अल्झायमरचे निदान झाले, आणि त्यानंतरची सुमारे पाच वर्षे तो स्वतःचा चेहरा काढत राहिला. आधीच्या चित्रांतली पक्की रचना सुटत जाते, डोक्याची कवटी आणि मागची भिंत यांतले अंतर राहत नाही, नाक-डोळे जागा सोडतात, आणि शेवटी पेन्सिलीच्या काही चाचपडणाऱ्या रेषा उरतात. २००१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही या चित्रांची दखल घेतली. इथे आत्मचित्राने चित्रकाराबद्दल खरोखरच असे काही सांगितले, की जे सांगायचे की नाही हे त्याच्या हाती उरले नव्हते. पण तेही चेहऱ्यावरच्या भावातून नव्हे; ते सांगितले रेषेने, म्हणजे पुन्हा हातानेच. अठराव्या शतकातल्या शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचेही तसेच. डोळे बिघडले म्हणून म्हातारपणी त्याने तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल हाती घेतले. चष्मा, कपाळावरची उजेड अडवणारी झापड आणि अगदी शेवटच्या चित्रात हातातली लाल पेस्टलची कांडी, ही सगळी त्याच्या प्रकृतीची नोंद आहे. तब्येतीबद्दल सर्वांत थेट बोलला तो मात्र जर्मन चित्रकार ड्यूरर. त्याच्या एका लहानशा रेखाचित्रात तो उघड्या अंगाने उभा आहे, कुशीवर एक पिवळा ठिपका आहे, बोट त्याच्याकडे दाखवलेले आहे आणि वर लिहिले आहे, की जिथे हा ठिपका आहे आणि जिथे माझे बोट आहे तिथे मला दुखते. बहुधा वैद्याला पाठवण्यासाठी काढलेले. आत्मचित्राकडून आपल्याला काय दुखते हे कळावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांना हे एक चित्र मी आनंदाने देऊन टाकतो.

शेवटी पुन्हा रेम्ब्रांट, कारण लेखकांनी ज्या ‘अखेरच्या नजरे’वर एवढे लिहिले तिचा खरा पुरावा दुसऱ्याच चित्रात आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे १६६९ चे, म्हणजे मृत्यूच्या वर्षाचे, त्रेसष्टाव्या वर्षीचे आत्मचित्र आहे. त्यात तो हात एकमेकांत गुंतवून बसला आहे. क्ष-किरणांत दिसते, की डोक्यावरची टोपी आधी मोठी आणि पांढरी होती, आणि हात उघडे होते व त्यांत कुंचला होता. तो त्याने नंतर रंगाखाली घालवला. केनवुडच्या चित्रात कुंचल्याची बाजू बदलली, इथे कुंचलाच काढून टाकला. का, ते मला सांगता येणार नाही. रचनेला तिथे शांत आकार हवा होता म्हणून असेल. नामांकित माणसाने साधनांशिवाय बसावे असे वाटले म्हणून असेल. थकला होता म्हणूनही असेल. पण हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण तो रंगाच्या थरांत प्रत्यक्ष सापडलेला आहे, आपण मनाने घातलेला नाही. आणि आपल्या लेखकांना टायटसच्या मृत्यूचा माग काढायचाच होता, तर तारखेच्या दृष्टीने तरी हे चित्र सोयीचे होते.

आपल्याला एक विनंती आहे. केनवुडचे चित्र पुढच्या एखाद्या पुरवणीत संपूर्ण छापावे: दोन्ही वर्तुळांसह, पॅलेटसह आणि त्या अर्धवट हातासह. खाली माध्यम, आकार आणि ते कुठे आहे हे एका ओळीत द्यावे. चित्र उभे आहे, दोन स्तंभांत सहज बसेल. तरीही जागा कमी पडलीच, तर या खेपेस टोपीच्या बाजूने कापावे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक